हृदयाचे चित्र आणि कुळाची आठवण

'पंचकुला' हे नाव प्रथम कानी पडते तेव्हा मराठी माणसाच्या मनात साहजिकच पाच कुळांची, पाच घराण्यांची कल्पना उभी राहते. परंतु शिवालिकच्या पायथ्याकडील बोलीत 'कूल' म्हणजे पाण्याचा पाट. घग्गर नदीचे पाणी शेतांकडे नेणाऱ्या पाच पाटांवरून ह्या ठिकाणाला हे नाव पडले असे सांगतात. चंडीगडला लागून वसलेले हे हरियाणातील नियोजित नगर. जवळच चंडीमंदिरची लष्करी छावणी असल्यामुळे सैन्यातील अनेक मराठी कुटुंबांनाही ते परिचित आहे.

ह्याच पंचकुल्यात ४ ते १३ जून २०२२ ह्या काळात 'खेलो इंडिया' युवा क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. ताऊ देवीलाल क्रीडासंकुल हे त्यांचे मुख्य केंद्र होते. यजमान हरियाणाने ५२ सुवर्णपदके मिळवून पहिला क्रमांक पटकावला, आणि ४५ सुवर्णपदकांसह एकंदर १२५ पदके मिळवून महाराष्ट्र दुसरा आला. उत्तरेतील जून महिन्याच्या उन्हात आपली अठरा वर्षांखालील मुलेमुली धावली, झुंजली आणि जिंकली, ह्याचा अभिमान कोणाला वाटणार नाही?

पण असा अभिमान वाटत असतानाच कित्येक आईबापांच्या मनात एक भीतीही डोकावून जाते. मैदानावर धडधाकट खेळाडू अकस्मात कोसळल्याची बातमी आपण अधूनमधून वाचतो. २६ जून २००३ रोजी फ्रान्समधील लिआँ येथे कॅमेरूनचा अठ्ठावीस वर्षांचा फुटबॉलपटू मार्क-व्हिवियन फोए सामना चालू असताना खाली पडला आणि दगावला. त्याच्या हृदयाचा स्नायू विकाराने जाड झालेला होता, असे शवपरीक्षेत आढळले. अशी बातमी वाचली की मनात येते, हृदयाचे आगाऊ चित्र काढून हा धोका ओळखता आला नसता का? ह्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आणि 'नाही' असे दोन्ही आहे. त्याचाच विचार आज करू.

पाटाचा दोष आणि विजेचा दोष

हृदय हा स्नायूंचा एक पंप आहे. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा तो आकुंचन पावतो. त्याला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या म्हणजे जणू शेताला पाणी नेणारे पाट. एखादा पाट बुजला की त्यापुढचे शेत वाळू लागते. हाच हृदयविकाराचा झटका. पस्तिशीनंतर येणाऱ्या आकस्मिक मृत्यूंच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच पाटाचा दोष असतो. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातील चरबी ही त्याची मूळ कारणे आता सर्वपरिचित आहेत.

परंतु ह्या पंपाला चालवणारी एक वीजही असते. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघणारा सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह ठरलेल्या वाटेने खाली उतरतो आणि सारा स्नायू एका तालात आकुंचन पावतो. ही वाट एखाद्या व्रणामुळे किंवा जन्मजात दोषामुळे बिघडली, तर प्रवाह त्याच जागी गरगर फिरू लागतो. मग हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. रक्त पुढे जात नाही, काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि मदत न मिळाल्यास काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंत हा विजेचा दोष, आणि त्यामागे असलेला आनुवंशिक विकार, ह्यांचा वाटा मोठा आहे.

१९५८ साली लंडनमधील विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टीअर ह्यांनी तरुण वयात, आणि बहुतेक अकस्मात, मृत्यू पावलेल्या काही व्यक्तींच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या हृदयांची भिंत एका बाजूस विलक्षण जाड झालेली होती, आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे तंतू ओळीने न दिसता विसकटलेल्या गवतासारखे दिसत होते. ह्या विकाराला डॉक्टर 'हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी' म्हणतात. आपण त्याला स्नायूच्या अतिवाढीचा विकार म्हणू. पाचशे माणसांत सुमारे एकास तो असतो, म्हणजे तो तितकासा दुर्मीळ नाही. आईबापांपैकी एकास तो असला, तर प्रत्येक अपत्यात त्याचे बीज उतरण्याची शक्यता निम्मी असते. मात्र ज्यांना तो असतो त्यांतील बरेचजण पूर्ण आयुष्य जगतात, हेही येथेच सांगितले पाहिजे.

शरीराच्या आत पाहण्याची विद्या

टीअर ह्यांना हे सारे मृत्यूनंतर दिसले. ते जिवंतपणी पाहता येऊ लागले, ही विसाव्या शतकाची देणगी. क्ष-किरणांनी हृदयाची केवळ सावली दिसे. हॉलंडमधील आइंटहोव्हेन ह्यांनी शतकाच्या आरंभी हृदयाच्या विजेचा आलेख कागदावर उतरवला. हाच आजचा ईसीजी. त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ ह्यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यात धातूंतील तडे शोधणारे ध्वनिलहरींचे यंत्र हृदयावर वापरून पाहिले. पोलादातील तडा शोधणारा प्रतिध्वनी हृदयाच्या हालत्या भिंतीही दाखवू लागला. त्यातूनच पुढे 'इको' ही तपासणी विकसित झाली. आज हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीची जाडी ह्या तपासणीत मिलिमीटरमध्ये मोजतात. निरोगी प्रौढाची भिंत साधारणतः ११-१२ मिलिमीटरच्या आत असते. दुसरे कारण नसताना ती १५ मिलिमीटर वा अधिक भरल्यास अतिवाढीचा विकार मानतात. आणि ३० मिलिमीटरपर्यंत पोचल्यास धोका मोठा समजतात.

ह्यापुढचे पाऊल एमआरआयचे. ह्या तपासणीत क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक आणि रेडिओलहरी ह्यांच्या साहाय्याने शरीराचे चित्र घेतले जाते. हृदयाच्या एमआरआयमध्ये शिरेतून 'गॅडोलिनियम' ह्या धातूचे औषध देतात आणि दहापंधरा मिनिटांनी पुन्हा चित्र घेतात. निरोगी स्नायूतून ते औषध तोवर निघून गेलेले असते. जेथे स्नायू मरून तेथे चिवट व्रण तयार झालेला असतो, तेथे ते रेंगाळते. त्यामुळे काळ्याभोर स्नायूत व्रण पांढरा उठून दिसतो.

हा पांढरा डाग महत्त्वाचा, कारण विजेची वाट बहुधा तेथेच चुकते. २०१३ साली लंडनमधील संशोधकांनी हृदय पसरट व दुर्बल झालेल्या ४७२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या स्नायूच्या मध्यभागी असा व्रण होता, त्यांतील जवळजवळ ३० टक्के लोकांना पुढील काही वर्षांत आकस्मिक मृत्यू आला किंवा ते त्यातून थोडक्यात वाचले; व्रण नसलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. अतिवाढीच्या विकाराच्या १,२९३ रुग्णांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. स्नायूच्या १५ टक्के वा अधिक भागात व्रण असलेल्यांचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे त्यात दिसून आले.

धोका मोठा ठरला तर उपायही आहे. आपल्या गुरूच्या आकस्मिक मृत्यूने व्यथित झालेल्या मिशेल मिरोव्स्की ह्या डॉक्टरांनी कित्येक वर्षे खपून एक लहान यंत्र तयार केले. शरीरात बसवलेले हे यंत्र हृदयाची लय बिघडताच आपण होऊन विजेचा झटका देते व लय सावरते. १९८० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ते प्रथम मनुष्याच्या शरीरात बसवण्यात आले. आज त्याला 'आयसीडी' म्हणतात. परंतु ते महाग आहे, शस्त्रक्रियेविना बसवता येत नाही, आणि कधी कधी नको तेव्हाही झटका देते. म्हणून खरा प्रश्न उरतो तो असा : ते कोणास बसवावे?

भाकिताचा अर्थ

ह्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आता संगणकाची मदत घेतली जात आहे. बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील नतालिया ट्रायानोव्हा ह्यांच्या गटाने २०२५ च्या जुलैमध्ये 'मार्स' नावाची पद्धती प्रसिद्ध केली. अतिवाढीच्या विकाराच्या रुग्णांची एमआरआय चित्रे आणि त्यांची इतर वैद्यकीय माहिती एकत्र वाचून ती धोक्याचे अनुमान करते. अचूकतेच्या ज्या मापात ०.५ म्हणजे निव्वळ छापा-काटा आणि १ म्हणजे परिपूर्ण भाकीत, त्या मापात तिला ०.८९ गुण मिळाले. मात्र दुसऱ्या एका रुग्णालयातील रुग्णांवर तीच पद्धती वापरली तेव्हा हे गुण ०.८१ वर आले. हे दोन्ही समूह अमेरिकेतील होते. जी पद्धती एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना थोडी चुकते, ती आपल्या देशातील हृदयांवर पारखून घेतल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे होणार नाही.

शिवाय भाकीत म्हणजे निकाल नव्हे. हवामान खाते 'पावसाची शक्यता' सांगते. आपल्याच अंगणात पाऊस पडेल असे सांगत नाही. एक साधे गणित मांडून पाहा. ह्यातील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एक हजार रुग्णांपैकी दहाजणांना येत्या काळात खरा धोका आहे, आणि तपासणी शंभरांत नव्वद वेळा बरोबर ठरते. ती दहांपैकी नऊजणांना ओळखील. पण उरलेल्या ९९० जणांपैकी ९९ जणांवरही विनाकारण धोक्याचा शिक्का मारील. म्हणजे शिक्का बसलेल्या १०८ जणांत खरा धोका केवळ नऊजणांना! आणि ज्याला ती विसरली, तो दहावा निर्धास्त होऊन घरी जाईल. हे गणित विकार असलेल्या रुग्णांचे झाले. काहीही लक्षण नसलेल्या प्रत्येक मुलाचे एमआरआय काढत सुटलो, तर भीती मात्र घरोघर पोचेल आणि लाभ क्वचितच कोणाला होईल.

आणखी एक मर्यादा आहे. विजेचे काही आनुवंशिक दोष असे असतात की हृदयाची बांधणी अगदी निर्दोष असते. त्याचे कितीही सुंदर चित्र काढले तरी त्यात काही दिसत नाही; थोड्या खर्चाच्या ईसीजीवर मात्र त्याची खूण सापडू शकते.

घरातील पहिली तपासणी

मग कोणाची कोणती तपासणी करावी, हे ठरवायचे कसे? येथेच पंचकुल्याच्या नावातून मराठी मनाला सुचणारा दुसरा अर्थ, कूळ, उपयोगी पडतो. ह्या विषयातील पहिली तपासणी यंत्रावर होत नाही. ती घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीत होते.

कल्पना करा : साताऱ्याकडील एक कुटुंब नोकरीनिमित्त पंचकुल्यात राहते. सतरा वर्षांच्या मुलाला धावण्याची आवड आहे. सरावात एकदा धावता धावताच त्याला भोवळ आली. सर्वांनी उन्हाला दोष दिला. सुटीत गावी गेल्यावर सुनेने सासूबाईंना सहज विचारले, "आत्याबाई, धाकटे मामंजी कशाने हो गेले?"

"काय सांगू बाई! तालमीतून आले, पाणी मागितले आणि तसेच कलंडले. ऐन तिशीत होते. लोक म्हणाले, नजर लागली. त्यांची थोरली लेकही पुढे विहिरीत बुडाली. पट्टीची पोहणारी पोर ती. पण तिची वेळ भरली होती, दुसरे काय?"

वाचकहो, ह्या दोन वाक्यांत जे सांगितले गेले, ते कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही. तिशीतला आकस्मिक मृत्यू, उत्तम पोहता येत असूनही बुडणे, आणि आता धावताना आलेली भोवळ : ह्या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की डॉक्टर सावध होतात. एकेकट्या असताना त्या 'नजर', 'वेळ' आणि 'ऊन' होऊन विसरल्या जातात.

केवळ विस्मरणच आड येते असे नाही. पुष्कळ घरांत अशा गोष्टी जाणूनबुजून झाकल्या जातात. 'घराण्यात दोष आहे असे कळले तर मुलीला स्थळे येणार नाहीत,' ही धास्ती आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या दोषाला नाव नाही त्याला उपायही नाही, आणि झाकून ठेवलेला दोष पुढच्या पिढीत न सांगता उतरतो. शिवाय असा दोष चारदोन घरांपुरताच आहे असेही नाही. हैदराबादच्या 'सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी' ह्या संस्थेतील शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी ह्यांनी २००९ साली दाखवून दिले, की हृदयाच्या एका प्रथिनाच्या जनुकातील २५ अक्षरे गळण्याचा एक बदल भारतीय उपखंडातील शंभरांपैकी सुमारे चार लोकांत असतो आणि हृदयस्नायूच्या विकारांशी त्याचा संबंध आहे. तो बदल ज्याच्यात आहे त्याला विकार होईलच असे मुळीच नाही. तरीही जी गोष्ट शंभरांत चौघांची आहे, तिची लाज एकाच घराने का बाळगावी?

आपण काय करावे?

येत्या सणाला घरची मंडळी एकत्र जमतील तेव्हा एक वही घ्या. तीन पिढ्यांची नावे लिहा. प्रत्येकाचे मृत्यूसमयीचे वय आणि मृत्यू कसा आला ते वडिलांकडील व आईकडील, दोन्ही बाजूंनी विचारून नोंदवा. पन्नाशीच्या आत कोणी अकस्मात गेले असेल, पोहताना किंवा वाहन चालवताना कारणाविना अपघात झाला असेल, कोणास उपचारांनी न थांबणाऱ्या 'फिट्‌स' येत असतील, तर त्याखाली रेघ ओढा.

मुलामुलींकडेही लक्ष असू द्या. उभे राहून राहून किंवा उपाशीपोटी भोवळ येणे बहुधा निरुपद्रवी असते. परंतु ऐन धावताना, पोहताना वा एकाएकी दचकल्यावर शुद्ध हरपणे, श्रमाने छातीत दुखणे, बरोबरीच्या मुलांपेक्षा लवकर धाप लागणे, ही लक्षणे कधीही उन्हावर ढकलू नयेत. अशा वेळी खेळ थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि ती वही सोबत न्यावी. प्रथम छातीची तपासणी, मग ईसीजी, मग इको, आणि शंका उरली तरच एमआरआय, असा हा क्रम आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा शरीरात पेसमेकर अथवा धातूची वस्तू असल्यास एमआरआयपूर्वी ते आवर्जून सांगावे.

घरातील एकास अतिवाढीचा विकार आढळला, तर त्याची भावंडे, मुले व आईबाप ह्या सर्वांची तपासणी झाली पाहिजे. एकदा इको निर्दोष आला म्हणून वही मिटू नये; हा विकार वाढत्या वयात प्रकट होतो. म्हणून मुलांची तपासणी वर्षादोनवर्षांनी आणि प्रौढांची तीन ते पाच वर्षांनी पुन्हा करतात. पंचकुला-चंडीगड भागातील कुटुंबांना १९६२ साली स्थापन झालेल्या चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेचे, म्हणजे 'पीजीआय'चे, हृदयरोग केंद्र जवळ आहे; इतरांनी आपल्या जिल्हा रुग्णालयापासून किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयापासून आरंभ करावा.

आणि ह्या साऱ्या दक्षतेनंतरही जो धोका हुकतो, त्याच्यासाठी आपले दोन हात आहेत. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन फोएप्रमाणेच मैदानावर कोसळला. तेथे तत्काळ छातीवर दाब देण्यात आला, विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा लयीवर आणण्यात आले. पुढे त्याच्या शरीरात यंत्र बसवले गेले आणि २०२२ साली तो पुन्हा खेळू लागला. कोणी अकस्मात कोसळून हाकेला ओ देत नसेल आणि श्वास थांबला असेल किंवा नुसतेच आचके येत असतील, तर १०८ किंवा ११२ क्रमांकास दूरध्वनी करण्यास एकास सांगावे आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० ह्या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. अशा वेळी तोंडावर पाणी मारण्यात, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. मदतीविना जाणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटवते. हे शिक्षण प्रत्येक शाळेत, प्रत्येक तालमीत मिळाले पाहिजे, असा आग्रह आपण धरू शकतो.

मुलांना मैदानापासून दूर ठेवणे हा ह्यावरील उपाय नव्हे. खेळाने जितकी हृदये बळकट होतात, त्यांच्या मानाने धोक्यात येणारी अगदी थोडी. त्या थोड्यांना वेळीच ओळखण्यासाठी शास्त्राने हृदयाचे चित्र काढण्याची विद्या आपल्या हाती दिली आहे. कोणाचे चित्र काढावे हे मात्र घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणींवरूनच पुष्कळदा कळणार आहे. ती माणसे आज आपल्यात आहेत; त्यांना विचारण्याचे काम उद्यावर टाकू नका.